रकाना क्रमांक तेवीस

विम्याचा विषय मी काढला नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. पुढे जे काही झालं त्याचा दोष आमच्या घरात एकमताने माझ्यावर येतो, आणि एकमताच्या विरोधात जाण्याचा माझा स्वभाव नाही. पण विषय काढला तो त्या कागदाने.

झालं असं, की एका रविवारी सकाळी ही वाटाणे सोलत बसली होती. मी पेपर वाचत होतो. वर न बघता ही म्हणाली, "आपण समुद्राला चाललोय."

आमच्या घरात असली वाक्यं माझ्या परवानगीशिवाय बोलली जात नाहीत असा माझा इतकी वर्षं समज होता. मी पेपर खाली ठेवला.

"कधी?"

"पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. आठ दिवस. लेकीने फोनवरून खोली घेऊन दिलीय. खिडकीतून पाणी दिसतं म्हणे." एवढं बोलून तिने वाटाण्याची एक शेंग उघडली, आत कीड निघाली, ती बाजूला टाकली आणि पुढची घेतली. विषय संपला होता.

समुद्र आमच्यापासून रेल्वेने सात तासांवर आहे. हिने तो अजून पाहिलेला नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली. लग्नाआधी तिच्या माहेरी कोणी कुठे जायचं नाही आणि लग्नानंतर तिला मी मिळालो. तसा मीही समुद्र पाहिलेला नाही, पण मी कधी पाहायचा म्हणालो नव्हतो. ती म्हणायची. दर वर्षी एकदा, साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर, भांडी लावता लावता म्हणायची, आणि मी "बघू" म्हणायचो. ह्या बघूच्या भरवशावर आमचा संसार बरा चालला होता.

तर लेकीने पाठवलेला खोलीचा कागद मी ऑफिसातून छापून आणला. एकदा घेतलेली खोली बदलता येणार नाही, तारीख पुढेमागे होणार नाही, रद्द केल्यास काहीही परत मिळणार नाही, असं त्यावर जाड अक्षरांत होतं. आणि सगळ्यात खाली तो चौकोन. 'प्रवास विमा हवा आहे काय? होय / नाही.'

आता दुसरा कोणी तिथे एक फुली मारून जेवायला बसला असता. पण मी तेहेतीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेला माणूस आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो आणि एकही रकाना रिकामा असलेला अर्ज मी आजवर पुढे सरकू दिलेला नाही. लिहिण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिहावं, पण लिहावं, रकाना मोकळा सोडू नये. आणि जे लिहाल ते खरं असावं, सोबत पुरावा जोडावा. लोक माझ्यापुढे रडलेत, चिडलेत, एकाने तर खिडकीवर डोकं आपटून घेतलं, पण मी हललो नाही. अशा माणसापुढे होय किंवा नाही असा प्रश्न ठेवल्यावर तो लगेच उत्तर देईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

"मला एक दिवस दे," मी हिला म्हणालो.

"एकच ना?" तिने विचारलं.

शेजारी एक गृहस्थ राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू करतात, म्हणून आमच्या जिन्यावर त्यांना सगळे अनुभवकाका म्हणतात. त्यांना विचारायचं नाही असं ठरवून मी बाहेर पडलो आणि दारातच ते भेटले.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले. "विमा घ्याच. एकदा आमची बॅग चुकून दुसऱ्याच गावाला गेली. आठ दिवस मी आमच्या मेव्हण्याच्या पायजम्यात काढले. मेव्हणा सहा फुटी आहे. विमा असता तर?"

"तर पायजमा मिळाला असता?"

"समाधान मिळालं असतं," अनुभवकाका गंभीरपणे म्हणाले.

त्यांच्या मागून त्यांच्या सौभाग्यवती आल्या. त्यांचं मत वेगळं होतं. ज्यांनी ज्यांनी विमा काढला त्यांचेच हातपाय मोडले, आणि ज्यांनी काढला नाही ते अजून धडधाकट हिंडताहेत, अशी चार उदाहरणं त्यांनी दिली. त्यातलं एक उदाहरण स्वतः अनुभवकाका होते. मग त्या दोघांत जुंपली. मी जिन्यात अर्धा तास उभा होतो. वर गेलो तेव्हा चौकोन होता तिथेच होता आणि माझी खात्री दोन्ही बाजूंनी पटलेली होती.

इकडे हिचं निराळंच चाललं होतं. तिला विमा हा शब्द ऐकूच येत नव्हता. जिन्यावर, दुकानात, दवाखान्यात, ज्याने म्हणून समुद्र पाहिलाय अशा कोणालाही ती गाठायची आणि बारीकसारीक विचारायची. आधी दिसतो की आधी ऐकू येतो? केस खरंच चिकट होतात का? पाणी परत जाताना पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तेव्हा भीती वाटते का? अनुभवकाकांच्या सौभाग्यवतींनी सांगितलं की तसं काही विशेष नसतं हो, पाणीच ते. दुसऱ्या दिवशी तिने पाण्याने खराब न होणाऱ्या चपला आणल्या आणि घरात घालून फिरायला लागली. मोरीत नळाखाली उभी राहून तिने त्या भिजवूनही पाहिल्या. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "चावतात का बघत होते."

मला तेव्हाच कळायला हवं होतं की ह्या बाईला समुद्राची घाई आहे. पण मी त्या वेळी विम्याची पुस्तिका वाचत होतो.

पुस्तिका चव्वेचाळीस पानांची होती. मी ती लाल पेन्सिल घेऊन वाचली. लिहिणारा माणूस माझ्या तोडीचा होता, हे मला पहिल्या पानावरच कळलं आणि मनातल्या मनात मी त्याला नमस्कार केला. 'प्रवास' ह्या शब्दाची व्याख्याच सव्वा पान होती. विमाधारकाने सामानासह राहत्या घराचा दरवाजा ओलांडला की प्रवास सुरू. पण दरवाजा ओलांडला आणि चष्मा विसरला म्हणून परत आत आलो तर? तो प्रवास संपला आणि दुसरा सुरू झाला की पहिलाच चालू राहिला? समुद्राची लाट ही नैसर्गिक आपत्ती की नित्याची बाब? लाटेने चष्मा नेला तर ती चोरी की हरवणे? मी चौदा मुद्द्यांचं पत्र तयार केलं, त्याची प्रत ठेवली आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. चौदाही मुद्द्यांना एकच उत्तर होतं: अटी व शर्तींच्या अधीन राहून. खाली त्यांनी मलाच सहा प्रश्न विचारले होते. मी हे पत्र दोनदा वाचलं. इतकं सुंदर उत्तर मी स्वतः उभ्या हयातीत लिहिलं नव्हतं. मी लगेच सहा प्रश्नांची उत्तरं आणि नवे नऊ मुद्दे पाठवले. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी मजेत होतो. ऑफिसात सुद्धा लोक म्हणाले, चेहऱ्यावर तेज आलंय.

"अहो," ही एक दिवस म्हणाली, "तुम्ही समुद्राला चाललाय की विमा कंपनीला?"

मी म्हणालो, "माणसाने डोळे उघडे ठेवून जावं."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "डोळे समुद्रावर उघडायचेत."

शेवटी माझ्या तिसऱ्या पत्रानंतर कंपनीने पत्रव्यवहार बंद केला आणि माणूस पाठवला. माणूस म्हणजे एक तिशीची विमावाली बाई. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात ही फुगलेली बॅग. दारातच तिने विचारलं, "ते पत्रंवाले काका तुम्हीच का?" आमच्या कार्यालयात सगळ्यांनी तुमची पत्रं वाचली, असंही तिने सांगितलं. मी विनयाने मान हलवली. कशासाठी वाचली हे विचारण्याचं मला सुचलं नाही.

विमा घ्यायचा असेल तर पाच तारखेच्या आत अर्ज हवा होता. दोन अर्ज, एक माझा, एक हिचा. शिवाय माझं वय पाहता डॉक्टरांचा दाखला. दाखल्याचं काम पाच मिनिटांचं आहे, असं विमावाली म्हणाली. आयुष्यातली माझी सगळी मोठी कामं पाच मिनिटांचीच होती.

दवाखान्यात दीड तास बसलो. समोरच्या भिंतीवर माणसाच्या पोटातल्या सगळ्या अवयवांची रंगीत चित्रं होती आणि प्रत्येक अवयवाखाली त्याला काय काय होऊ शकतं ते लिहिलेलं होतं. वाचायला कागद समोर असला की मी वाचल्याशिवाय राहत नाही. आत गेलो तेव्हा रक्तदाब इतका होता की डॉक्टरांनी यंत्र बदलून पाहिलं.

"तुम्हाला आरामाची गरज आहे," डॉक्टर म्हणाले. "आठ दिवस कुठेतरी जाऊन या. समुद्रावर वगैरे."

"त्यासाठीच तर दाखला हवाय."

"एवढ्या रक्तदाबावर तुम्ही प्रवासाला योग्य आहात, असं मी कसं लिहून देऊ?"

"मग आराम कुठे करू?"

"समुद्रावर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी ही माझ्याबरोबर आली. मला तिने भिंतीकडे पाठ करून बसवलं, नंबर येईपर्यंत एक शब्द वाचू दिला नाही आणि माझा हात आपल्या हातात धरून ठेवला. चारचौघांत असा हात तिने बऱ्याच वर्षांत धरला नव्हता. मला वाटलं प्रेमाने धरलाय. तो मी उठून चित्रांकडे जाऊ नये म्हणून धरला होता, पण रक्तदाब उतरला आणि दाखला मिळाला.

आता उरला अर्ज. बावीस रकाने मी एका बैठकीत भरले. माझ्या अक्षराबद्दल मी काही बोलू नये, पण विमावाली बघून म्हणाली की असं अक्षर हल्ली दिसत नाही. आणि मग तेविसावा रकाना आला.

'अर्जदाराने यापूर्वी ठरलेला प्रवास रद्द केला आहे काय? असल्यास वर्ष व कारण द्यावे.'

"तिथे सगळे 'नाही' लिहितात, काका," विमावाली म्हणाली. "कोणी बघत नाही."

मी पेन खाली ठेवलं. कोणी बघत नाही म्हणून खोटं लिहायचं असतं तर मी तेहेतीस वर्षं काय करत होतो? मी तिला सांगितलं, उद्या या, जोडपत्र तयार ठेवतो. तिने हिच्याकडे पाहिलं. हिने डोळ्यांनीच तिला जायला सांगितलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कोरा कागद घेतला, समास आखला आणि तीन रकाने पाडले. अनुक्रमांक, वर्ष, कारण. "एखाद-दोन वेळा झालं असेल नाही?" मी विचारलं.

ही ओट्यापाशी होती. पाठमोरी. "लिहा," ती म्हणाली. "लग्नाचं वर्ष. तिकिटं काढली होती. तुमचं ऑफिस नव्या इमारतीत हललं आणि कुठल्या कपाटात काय आहे ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं."

ते मला आठवत होतं. मी अभिमानाने लिहिलं.

"पुढचं. पोरगी दोन वर्षांची. तिला गोवर आला."

"ते कारण रास्त आहे."

"गोवर दोन दिवसांत उतरला. मग तुम्हाला वाटलं तुम्हालाच येणार. आठ दिवस आरशात जीभ बघत होतात." ती भाजी चिरतच होती. "त्याच्या पुढच्या वर्षी तुमच्या ऑफिसात तपासणी. तपासणी पुढे गेली. आपण मागेच राहिलो."

मी लिहीत होतो. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. रेशनची यादी सांगावी तशी ती सांगत होती. एका वर्षी पेपरात वादळाची बातमी होती. ते वादळ पुढे दुसऱ्याच देशाला गेलं. एका वर्षी मी तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाऊन रांग मोठी आहे म्हणून परत आलो होतो आणि येताना दुधी आणला होता. दुधी आणल्याचंही तिला आठवत होतं. एका वर्षी न्हाणीघरातला नळ गळत होता.

"नळ गळतो म्हणून आपण समुद्राला गेलो नाही?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात, घर उघड्या नळावर टाकून जाता येत नाही."

"मग नळ दुरुस्त केला ना?"

"पुढच्या वर्षी केला."

पान भरत आलं. आठ नोंदी झाल्या. शाईचं पेन मी दोनदा झटकलं. आठही ठिकाणी कारण शोधलं तर मीच निघत होतो. एकाही वर्षी तिचं डोकं दुखलं नव्हतं, तिच्या माहेरचं कोणी आजारी पडलं नव्हतं, तिला नको झालं नव्हतं.

"आणि नववं," ती म्हणाली. "पोरीचं लग्न झालं त्याच्या पुढचं वर्ष. घर रिकामं रिकामं वाटत होतं. मी बॅग भरून ठेवली होती."

"कारण?"

तिने सुरी बाजूला सारली, हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यांदाच वळून माझ्याकडे पाहिलं. "त्या वर्षी कारण नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही बॅग बघितलीत आणि म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. मी कपडे परत कपाटात लावले."

मला ते आठवत नव्हतं. हे सांगताना मला आजही बरं वाटत नाही. आमच्या घरात एक भरलेली बॅग रिकामी झाली आणि मला त्याची नोंदसुद्धा नव्हती. रकाना मोकळा सोडता येत नाही. मी तिथे 'निरंक' लिहिलं, आणि माझ्या आयुष्यात तो शब्द लिहायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत बराच वेळ बसून होतो. समोरच्या घरात कोणीतरी गाद्या झटकत होतं. मला समुद्र नको होता असं नव्हतं. उलट मलाही तो हवा होता, अगदी पहिल्या वर्षापासून. रात्री झोप लागेपर्यंत आम्ही दोघं त्याबद्दल बोलायचो, किनाऱ्यावर काय करायचं, पाण्यात किती आत जायचं. ते बोलणं मला इतकं आवडायचं, की खरंच जाऊन आलो तर मग काय बोलायचं, अशी मला धास्ती वाटत असावी. साठवून ठेवलेली वस्तू वापरायला हात धजत नाही, तसं माझं झालं होतं. पण साठवण दोघांची होती आणि कुलूप मी एकट्याने लावलं होतं.

हिच्या अर्जातला तेविसावा रकाना मीच भरला. 'अर्जदार महिलेने स्वतःहून एकदाही प्रवास रद्द केलेला नाही.' जे खरं ते खरं.

दुसऱ्या दिवशी विमावाली दोन्ही अर्ज घेऊन गेली. तीन दिवसांनी परत आली ती हेल्मेटसकट सोफ्याच्या कडेवर बसली. तिने बॅगेची चेन दोनदा उघडली आणि दोनदा लावली. शेवटी तिने माझा अर्ज माझ्या हातात दिला. त्यावर तिरका शिक्का होता: नामंजूर.

माझे अर्ज फेटाळले जाण्याची मला सवय नाही. फेटाळणारा मी. "वयामुळे?" मी विचारलं.

"नाही."

"रक्तदाब?"

"तोही नाही, काका. दाखला उत्तम आहे." ती चुळबुळली. "कंपनी अपघाताचा विमा काढते. अपघात म्हणजे होईल की नाही हे माहीत नसतं. साहेबांनी तुमचं जोडपत्र वाचलं. ते म्हणाले, ह्या गृहस्थांच्या बाबतीत प्रवास रद्द होणं हे अपघातात बसत नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. एका परक्या साहेबाने एका पानावरून माझी एकतीस वर्षं ओळखली होती, आणि ते पान माझ्याच सुवाच्य अक्षरातलं होतं.

"काकूंचा मात्र मंजूर आहे," विमावाली घाईघाईने म्हणाली. "त्यांची नोंद अगदी स्वच्छ आहे. शिवाय त्यांना एक जास्तीचं कलम घेता येईल." तिने पुस्तिका उघडली आणि माझ्याकडे न बघता वाचलं, "सहप्रवाशाने ऐनवेळी माघार घेतल्यास."

म्हणजे माझ्यापासून माझ्या बायकोला संरक्षण. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून.

हिने पुस्तिका हातात घेतली. चव्वेचाळीस पानांत तिने वाचलेलं हे पहिलं पान. "हे घेतलं, आणि हे आले नाहीत, तर मला काय मिळतं?"

"खोलीचं भाडं परत. तिकिटाचे पैसे परत."

"आणि समुद्र?"

विमावालीने खरोखरच पान उलटून पाहिलं. मग पुस्तिका मिटली. "तो नाही मिळत, काकू."

"मग नको," ही म्हणाली. "माझाही विमा राहू दे. तुमची फार धावपळ झाली. बसा, चहा टाकते." आत जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. "आणि तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे नंतर जोडपत्र नको. दहा तारखेला मी जाणार आहे. तुम्ही यावं असं मला फार वाटतं. पण जाणार आहे."

मी खोलीचा कागद काढला आणि चौकोनात 'नाही'वर खूण केली. विमावालीने चहा घेतला आणि जाताना तिने आमच्या दोघांच्या पाया पडल्यासारखं काहीतरी केलं, पण बॅग जड असल्यामुळे ते अर्धवटच राहिलं.

दहा तारीख उजाडली. गाडी सकाळी आठची होती. नळ गळत नव्हता. वादळ नव्हतं. ऑफिसातून फोन आला होता तो मी उचलला नव्हता, आणि ह्या गोष्टीचा मला इतका आनंद झाला की दारातली बॅग मी एका हाताने, तरुण माणसासारखी उचलायला गेलो.

कमरेत उसण भरली. साधी नाही. मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो, पाठ जमिनीला समांतर. मान वर होईना. मला फक्त फरशी दिसत होती आणि फरशीवर त्या पाण्याने खराब न होणाऱ्या चपला. चपला अगदी स्तब्ध होत्या.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे अस्सल कारण होतं. डॉक्टरांनी दाखला दिला असता. अनुभवकाका दार उघडून बाहेर आले आणि माझी अवस्था बघून म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, ह्यात आठ दिवस हलायचं नसतं." चपला तरीही दाराकडेच वळलेल्या होत्या. ती फक्त वाट बघत होती, आणि वाट बघण्यात तिच्याइतका सराव कोणाला नव्हता.

"बॅग तू घे," मी फरशीला म्हणालो. "मला हाताला धर. जिना किती पायऱ्यांचा आहे ते सांगत राहा."

त्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण मी तो पाहिला नाही. सात तास मी गुडघ्यांकडे बघत होतो. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, "काही पडलंय का?" आणि मी उत्तर देण्याआधीच ते खाली वाकून शोधायला लागले. त्यांचं बघून आणखी दोघं वाकले. एका बाईंना कानातलं सापडलं, ते कोणाचंच नव्हतं. तिकीट तपासनीस आला, तोही आधी बाकाखाली बघून मग तिकीट मागायला लागला. ही खिडकीपाशी होती. मधून मधून ती मला बाहेरचं सांगायची. नदी आली. झाडं बदलली. आता सगळी सपाट जमीन आहे. शेवटच्या तासात ती काही सांगेनाशी झाली. फक्त तिचा हात माझ्या पाठीवर होता.

खोलीवर सामान टाकलं तेव्हा दुपार कलली होती. मी म्हणालो, तू हो पुढे, मी पडतो जरा. ती म्हणाली, "नाही. दोघं." मग आम्ही दोघं निघालो, ती सरळ आणि मी वाकलेला. रस्ता संपला, दगडी पायऱ्या संपल्या, वाळू लागली. वाळू आधी कोरडी होती, मग ओली झाली. कसला तरी मोठा आवाज चारी बाजूंनी येत होता. वारा इतका होता की माझ्या सदऱ्याची बाही फडफडत होती. ती थांबली म्हणून मी थांबलो.

मला तिचं तोंड दिसत नव्हतं. मला दिसत होती तिची पावलं. तिने चपला काढून हातात घेतल्या होत्या. पाणी आलं. फेस तिच्या घोट्यांपर्यंत चढला आणि पावलांची बोटं आत वळली, जशी लहान मुलाची वळतात. पाणी परत गेलं तेव्हा पावलांखालची वाळू सरकली. तिने पाय हलवला नाही. पुन्हा पाणी आलं, पुन्हा गेलं. पावलं घोट्यापर्यंत वाळूत बुडाली तरी ती तिथेच होती.

"कसा आहे?" मी विचारलं.

पाणी आणखी तीन-चार वेळा येऊन गेलं असेल. माझ्या कमरेतून कळा येत होत्या, पण माझी तक्रार नव्हती.

"अगं, कसा आहे? मला सांग तरी."

तिने माझा हात घट्ट धरला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून माझं बघून झालं नाही."

मी थांबलो.